विंडोज १० चा सपोर्ट संपला, डीटीपीच्या जुन्या मशीनवर कुठलं लिनक्स टाकू?

नारायणपेठ_डीटीपी

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात आला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

मी घरूनच डीटीपीची कामं करते, नारायण पेठेत. लग्नपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, पीएचडीवाल्यांचे प्रबंध, गणपतीच्या आधी मंडळांची पावतीपुस्तकं आणि अहवाल, दिवाळीच्या तोंडावर एखाददुसऱ्या दिवाळी अंकाची पानं लावणं. मशीन २०१४चं, असेंबल केलेलं, आय५ चौथ्या जनरेशनचा, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्डडिस्क, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. विंडोज १० आहे आणि त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ साठी चेक केलं तर तुमचं मशीन पात्र नाही असं येतं. दुकानात विचारलं तर म्हणाला, ताई सगळा सेटच बदला, मॉनिटर तेवढा ठेवा. अहो पण मशीन छान चाललंय, उगाच का बदलू?

भाचा म्हणतो विंडोजऐवजी लिनक्स टाक, ती फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. कुठलं विचारलं तर उबुंटू, मिंट, फेडोरा, झोरिन, डेबियन अशी नावं घेत बसला, प्रत्येकाचे गुणदोष सांगितले आणि कुठलं टाकू ते न सांगताच बंगलोरला परत गेला.

माझं काम असं आहे की जुनं सगळं पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, श्रीलिपी आणि आयएसएमच्या फॉन्टमध्ये, बरीच गिऱ्हाइकं दरवर्षी तेच मॅटर थोडं बदलून मागतात त्यामुळे ते टाकून देता येत नाही. नवीन कामं हळूहळू युनिकोडमध्ये (म्हणजे फाइलमध्ये खरी मराठी अक्षरंच असतात) करायला लागलेय, वर्ड नाहीतर डिझाइनचं कोरल. प्रिंटर एचपीचा, प्रिंट-स्कॅन-झेरॉक्स एकत्र असलेला. नेट वायफाय डोंगलवर. शिवाय बाबा त्याच मशीनवर बँकेचं बघतात, पेपर वाचतात आणि ज्येष्ठ नागरिक संघाची पत्रं टाइप करतात, त्यांचा हात जुन्या टाइपरायटरवर बसलेला आहे. मला टर्मिनल बिर्मिनल येत नाही पण नीट सांगितलं तर करते. काय टाकू?

---

कोथरूडकट्टा

लिनक्स मिंट, सिनॅमन डेस्कटॉपवालं. डोळे झाकून टाका. विषय संपला.

---

आर्चवाला_निगडी

मी आर्च लिनक्स वापरतो. कुणी विचारलं नव्हतं तरी सांगून ठेवलं. ह. घ्या.

---

धायरीफाटा

ताई, कुठलं लिनक्स हा प्रश्न शेवटचा आहे आणि खरं तर सगळ्यात सोपा पण तोच आहे. आधी तुमचं जुनं मॅटर, डोंगल आणि प्रिंटर यांचं काय होणार ते बघू. मी क्लासेस आणि छोट्या ऑफिसांची मशीनं बसवून देतो, लोक आठवडाभर मिंट की उबुंटू यावर वाद घालतात आणि शेवटी अडतं कशावर तर बायोमेट्रिकच्या सॉफ्टवेअरवर.

तुमच्या बाबतीत अडणार आहे ते श्रीलिपी आणि आयएसएमवर. या जुन्या फॉन्टमध्ये होतं काय, की फाइलमध्ये मराठी अक्षर नसतंच, इंग्रजी अक्षरांचे किंवा चिन्हांचेच कोड असतात आणि फॉन्ट फक्त त्या कोडच्या जागी क किंवा काना दाखवतो. फॉन्ट काढला की सगळा गिचमिड इंग्रजी कचरा दिसतो, तुम्ही तो कधीतरी बघितला असेलच. ते फॉन्ट लिनक्समध्ये कॉपी केले तर दिसतात बऱ्याचदा, पण टाइप करायला त्यांचं कीबोर्डचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते विंडोजचंच आहे. पेजमेकरही तसंच, त्याची शेवटची मोठी आवृत्ती ७.० ही २००१ची आहे, म्हणजे तुम्ही आत्तासुद्धा ज्यावर काम करताय त्याचा सपोर्ट कधीच संपलाय आणि तरी धंदा चालू आहे ना.

म्हणून माझं मत असं की जुनी हार्डडिस्क जशी आहे तशी राहू द्या, तिला हात लावायचाच नाही. २५६ किंवा ५१२ जीबीचा साधा सॅटा एसएसडी घ्या. सीपीयू उघडून जुन्या डिस्कची डेटा केबल काढा, एसएसडी जोडा, आणि त्या एकट्या एसएसडीवर लिनक्स टाका. केबल काढायचं कारण असं की इन्स्टॉलरला दुसरी डिस्क दिसलीच नाही तर बूटलोडर (मशीन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) चुकून तिकडे जाण्याचा प्रश्नच येत नाही आणि चुकीच्या डिस्कला फॉरमॅट मारायची भीती पण नाही. सगळं झालं की केबल परत लावा आणि चालू करताना बूट मेनूतून जे हवं ते निवडा, बोर्डाप्रमाणे एफ८, एफ११ किंवा एफ१२ असतं. जुन्या विंडोजला नेट द्यायचं नाही, फक्त पेजमेकरपुरतं. बँक, मेल, व्हॉट्सअ‍ॅप, गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्ह सगळं लिनक्समध्ये.

दोन गोष्टी आत्ताच सांगतो म्हणजे नंतर घाबरू नका. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज खरं बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून ती डिस्क उघडली तर फाइली दिसतात पण सेव्ह होत नाहीत. आणि दुसरं म्हणजे लिनक्स चालवून परत विंडोजमध्ये गेलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. बिघाड नाहीये तो. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं, विंडोज त्यालाच भारतीय वेळ समजतं. एका ओळीची कमांड आहे, लागली की इथेच देतो.

आणि हो, गुरुवारी इन्स्टॉल करायला बसू नका, यूपीएस असला तरी. पेठेत मेंटेनन्सला लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

---

डेबियनदास

धायरीफाटा यांच्याशी सहमत, पण निवड सोपी आहे म्हणून ती महत्त्वाची नाही असं नाही. उबुंटू डेबियनवर उभं आहे आणि मिंट उबुंटूवर. मग मुळालाच का जाऊ नये? डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, तीन वर्षं नेहमीचा सपोर्ट आणि पुढे दोन वर्षं लाँग टर्मचा. मागे कुठली कंपनी नाही, १९९३ पासून स्वयंसेवक चालवतायत, त्यामुळे उद्या कुणी विकलं, लायसन्स बदललं, जाहिराती घुसवल्या असं होणार नाही. पूर्वी वायफायचे फर्मवेअर वेगळे शोधून टाकावे लागायचे, तेही डेबियन १२ पासून इन्स्टॉलरमध्येच येतात. डेस्कटॉप म्हणून एक्सएफसीई किंवा सिनॅमन निवडायचा, तिथेच विचारतं. ज्यांना मशीन एकदा लावून विसरून जायचं आहे त्यांच्यासाठी डेबियनसारखं काही नाही.

---

कोथरूडकट्टा

दास बुवा, ताईंना मशीन वापरायचंय, त्याचं तत्त्वज्ञान नाही. मिंटमध्ये टाइमशिफ्ट आधीच असतं, पहिल्यांदा चालू केलं की ते सेट करा, अपडेटने काही बिघडलं तर काल जसं होतं तसं परत आणता येतं. ड्रायव्हर मॅनेजर आहे, अपडेट मॅनेजर आहे, सगळं माउसने. खाली टास्कबार, डाव्या कोपऱ्यात मेनू. बाबांना कळणार पण नाही विंडोज गेलं ते. २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर आहे, २०२९ पर्यंत अपडेट येणार. अजून काय पाहिजे.

---

मगरपट्टा_एमके

फेडोराला कुणीच विचारत नाहीये म्हणून लिहितो. रोजच्या वापरात आहे, केडीई प्लाझ्मावालं, एकदम मख्खन चालतं, आणि भारतीय भाषांच्या बाबतीत तर पुण्याचं ऋण आहे लिनक्सवर. लोहित फॉन्ट सगळीकडे मिळतात ना, ते रेड हॅटचे, आणि त्यांचं मगरपट्ट्यातलं ऑफिस, तिथल्या भाषावाल्या टीमने वर्षानुवर्षं त्यावर आणि मराठी भाषांतरांवर काम केलंय.

पण ताई तुम्हाला मी फेडोरा सांगणार नाही. दर सहा महिन्यांनी नवीन येतं आणि एका आवृत्तीला साधारण १३ महिनेच अपडेट मिळतात, म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठं अपग्रेड करायचंच. ते नेमकं दिवाळी अंकाच्या कामात आलं तर तुम्ही मला शिव्या घालाल. मिंट किंवा डेबियन, दोन्हीपैकी काहीही.

---

शुक्रवारपेठ_प्रेस

सगळे लिनक्सवाले जमलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो, आमचा छोटा ऑफसेटचा प्रेस आहे.

एक म्हणजे घाई काय आहे? मायक्रोसॉफ्टने घरगुती युजरना एक्स्टेंडेड अपडेट दिलेत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, त्यांच्या अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसेही पडत नाहीत. दुसरं, रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने पेन ड्राइव्ह बनवताना टीपीएम (सुरक्षेची चिप) वगैरेचा चेक काढून टाकता येतो, ११ चालतं या मशीनवर, आमच्याकडे एक चालू आहे.

आणि तिसरं जास्त महत्त्वाचं. गिऱ्हाईक कोरलची फाइल देतं आणि कोरलचीच परत मागतं. लिनक्सवरचं इंकस्केप कोरलची सीडीआर फाइल उघडतं हो, पण टेक्स्ट कुठल्या कुठे जातं आणि परत सीडीआरमध्ये सेव्ह करता येत नाही. प्लेट काढायला जाणारी पीडीएफ सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगात) लागते, नाहीतर काळं अक्षर चार रंगात फुटतं आणि मशीनवर रजिस्टर, म्हणजे रंगांची जुळणी, जरासं हललं की प्रत्येक अक्षराला सावली. हे लिनक्सवाल्यांना सांगून कळत नाही, त्यांनी छापून काही घेतलेलंच नसतं.

---

धायरीफाटा

प्रेसवाले काका, सीएमवायकेचा मुद्दा एकदम बरोबर आणि बरं झालं तुम्ही काढला. इंकस्केप आणि लिब्रेऑफिस यातून छपाईची पीडीएफ काढूच नये. त्यासाठी स्क्रायबस आहे, ते मुळात पानं लावण्यासाठीच बनलंय, सीएमवायके, आयसीसी प्रोफाइल, स्पॉट कलर, पीडीएफ-एक्स३ सगळं देतं, आणि अक्षर फक्त काळ्या प्लेटवर ठेवायचं असेल तर रंग के १०० (नुसता शंभर टक्के काळा) असा स्वतः ठरवता येतो. बरीच वर्षं त्यात देवनागरी नीट जुळायची नाही, जोडाक्षरं फुटायची, म्हणून मराठी डीटीपीवाले तिकडे फिरकलेच नाहीत. आता १.६ आवृत्ती, जी २०२४च्या सुरुवातीला आली, तिच्यात जोडाक्षरं व्यवस्थित लागतात. पेजमेकरच्या सवयीने बघितलं तर स्क्रायबसच्या टेक्स्ट फ्रेम ओळखीच्या वाटतील, उलट वर्डमध्ये पुस्तक लावणाऱ्यांना जड जातं.

कोरलची फाइल परत मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र उपाय नाही, तिथे तुमचं म्हणणं मान्य. ताई, अशी कामं किती आहेत ते तुम्हीच बघा. जास्त असतील तर कोरल जुन्या विंडोजवर ठेवाच.

चेक काढून ११ टाकण्याबद्दल: चालतं, पण मायक्रोसॉफ्टच्या लेखी इंटेलची आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० च्या खालचं मशीन सपोर्टेड नाही, पुढची अपडेट मिळतीलच याची हमी ते देत नाहीत. धंद्याच्या मशीनवर मी तरी करणार नाही. आणि २०२६च्या ऑक्टोबरनंतर प्रश्न परत तोच आहे, तोपर्यंत मिळालेला वेळ लिनक्सची सवय करायला वापरा असं म्हणेन.

---

पाषाणकर

एक बाळबोध प्रश्न. आपलं स्वदेशी बॉस लिनक्स आहे ना, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं? मुख्यालय तर आमच्या पाषाणलाच आहे. मराठीसाठी तेच चांगलं नसेल का?

---

डेबियनदास

बॉस सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने बनवलं आणि ते डेबियनवरच आधारलेलं आहे. भारतीय भाषांचे फॉन्ट, कीबोर्ड आधी लावून देतात एवढं सोडलं तर आत सगळं तेच. सरकारी ऑफिसांसाठी ठीक. घरी अडलात तर मदत करणारे लोक मिंट, उबुंटू, डेबियनचेच जास्त भेटतील आणि माझ्या मते निवड करताना हा मुद्दा सगळ्यात वर पाहिजे.

(बघा ताई, सगळे रस्ते डेबियनलाच येतात.)

---

आर्चवाला_निगडी

फ्रीबीएसडी राहिलं. ते पण ओपन सोर्स आहे, १९९३चंच, आणि लिनक्स पण नाही. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

नारायणपेठ_डीटीपी

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. मी सगळं वाचलं, काही डोक्यावरून गेलं.

भाच्याने व्हिडिओ कॉलवर बसून व्हेंटॉयचा पेन ड्राइव्ह करून घेतला, त्यात मिंट आणि डेबियन दोन्ही नुसत्या फाइल कॉपी केल्यासारखं टाकता आलं. इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच मिंट चालवून बघितलं. प्रिंटर मी काही न करता आपोआप आला! विंडोजमध्ये दरवेळी सीडी शोधायला लागायची. स्कॅन पण झालं. वायफायचा डोंगल मात्र दिसतच नाही, ऑनलाइन घेतलेला अगदी स्वस्तातला आहे, त्यावर नाव पण नाही.

मराठीचे दोन प्रॉब्लेम आहेत. लिब्रेऑफिसमध्ये युनिकोडमधली पत्रिका उघडली तर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतायत. शुभविवाह या पहिल्याच शब्दाला हिंदी श! हे गिऱ्हाइकाला दाखवलं तर पत्रिका परत येईल. आणि बाबांचं टाइपिंग.

एक जुना अहवाल भाच्याने कुठल्यातरी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये काढून दिला, साधे शब्द बरोबर आलेत पण आर्थिकचं पार भजं झालंय, वेलांटी एकीकडे, रफार दुसरीकडे.

धायरीफाटा, डोंगल म्हणजे तुम्ही वायफायचा नाही, श्रीलिपीचा (तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही तो) म्हणत होतात ना? आहे. जुन्या प्रिंटरच्या केबलसारखा लांबडा मोठा आहे, मागे लागतो.

---

मगरपट्टा_एमके

ल आणि श चं उत्तर माझ्याकडे आहे, हा माझा आवडता विषय.

बऱ्याच चांगल्या युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, मराठी पण आणि हिंदी पण, पण कुठलं दाखवायचं हे मजकुराची भाषा काय सांगितली आहे त्यावर ठरतं. तुमच्या लिब्रेऑफिसला वाटतंय तो मजकूर हिंदी आहे. टूल्स, ऑप्शन्स, तिथे लँग्वेजेसमध्ये जा, कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट असं लिहिलेलं असेल त्याला टिक करा आणि भाषा मराठी निवडा. आधी टाइप झालेल्या मजकुराला सगळं सिलेक्ट करून कॅरेक्टरच्या खिडकीतून मराठी भाषा द्या. नोटो सान्स देवनागरीत किंवा लोहित देवनागरीत लगेच डोळ्यांसमोर श बदलतो, बघायला मजा येते. तरी नाही बदलला तर फॉन्टच हिंदीपुरता आहे, सोडून द्या. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा घ्या, तो मुळात मराठीसाठी केलेला आहे, युनिकोड आहे आणि फुकट आहे. स्क्रायबसमध्ये पण परिच्छेदाची भाषा मराठी ठेवा.

कन्व्हर्टरचं म्हणाल तर जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने टाइप होतात, म्हणजे आर्थिकमध्ये आधी वेलांटी, मग थ, मग वरचा रफार. युनिकोडमध्ये बोलतो तो क्रम, आधी र, मग थ, मग वेलांटी. कन्व्हर्टरला सगळं उलटंसुलटं करून लावायचं असतं आणि रफार नि वेलांटी एकाच अक्षरावर आली की साधे कन्व्हर्टर गडबडतात. आर्थिक, वार्षिक, मार्मिक, आणि र्‍य वाले शब्द, दुसऱ्या, सुऱ्या वगैरे, असं एक पानभर मॅटर करून ठेवा आणि कुठलाही कन्व्हर्टर आला की त्याला आधी ते पान खायला घाला. श्रीलिपीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून युनिकोडमध्ये काढता येत असेल तर तेच बघा, त्यांना त्यांच्या फॉन्टचे कोड माहीत असणार. काही झालं तरी प्रूफ वाचावं लागणारच, अहवाल वार्षिकच असतात, त्यामुळे वार्षिक शब्द पानापानावर आहे.

---

धायरीफाटा

मागे लागतो आणि लांबडा आहे म्हणजे पॅरलल पोर्टचा डोंगल. हे कळलं ते फार बरं झालं. मी तुम्हाला नंतर व्हर्च्युअलबॉक्स सुचवणार होतो, म्हणजे लिनक्सच्या आतच एका खिडकीत जुनं विंडोज ७ चालवायचं, नेटवर्क अ‍ॅडॉप्टरची टिक काढून, ८ जीबीतली २-३ जीबी त्याला देऊन. यूएसबी डोंगल असता तर तो त्या आतल्या विंडोजला देता येतो, फक्त आपला युजर व्हीबॉक्सयुजर्स नावाच्या ग्रुपमध्ये घालावा लागतो, नाहीतर डिव्हाइसची यादी रिकामीच दिसते आणि लोक डोकं आपटत बसतात. पॅरलल पोर्टवाल्याच्या नादाला लागू नका. त्यामुळे तुमच्यासाठी वेगळी डिस्क, वेगळं विंडोज हेच पक्कं. आणि नवीन सेट घेतला असतात तर तो डोंगल लावायला मागे पोर्टच नसतं, हे त्या दुकानदाराने सांगितलं नसेल. श्रीलिपीवाले पुण्याचेच आहेत, डोंगल बदलून यूएसबीचा मिळतो का ते विचारून ठेवा, पुढेमागे मदरबोर्ड गेला तर अडू नये.

वायफायचं तात्पुरतं काम असं करा, मोबाइल यूएसबी केबलने जोडा, मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, मिंटला ते लगेच वायरचं नेट म्हणून दिसेल, काही टाकायला लागत नाही. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून बघा, कधीकधी तिथे मिळून जातं. नाही मिळालं तर त्या डोंगलमागे वेळ घालवू नका, राउटर त्याच खोलीत असेल तर सरळ लॅनची वायर टाका.

बाबांसाठी: इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट अ‍ॅड करून मराठी निवडलं की झालं. त्यांचा हात टाइपरायटरवर आहे म्हणजे आयबस आणि एम१७एन ही दोन पॅकेजं टाका, सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नावानं शोधलं की मिळतात, त्यात रेमिंग्टन आणि टाइपरायटर नावाचे लेआउट दिसतील. ते लावून बाबांना बसवा आणि ळ, ऱ्य आणि पूर्णविराम सापडतो का तेवढं बघा, बहुतेक तिथेच अडतं. तुम्हाला स्वतःला गमभनची (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करायची) सवय असेल तर ते पण त्याच यादीत आहे.

आता डिस्ट्रो, म्हणजे कुठलं लिनक्स. मिंट सिनॅमन. डेबियनदास माफ करा.

---

डेबियनदास

मिंट तर मिंट. निदान पॅकेजं तरी डेबची, म्हणजे डेबियनच्याच पद्धतीची आहेत.

---

शुक्रवारपेठ_प्रेस

स्क्रायबसचं मला माहीत नव्हतं. ताई, तुम्ही मिंटवरून एक रंगीत पान पीडीएफ-एक्स३ काढून पाठवा, बारीक टाइप असलेलं, पत्रिकेचं चालेल. आमच्याकडे प्लेट काढून बघू, काळं फुटतंय की नाही ते तिथल्या तिथे कळेल. माझं मत बदललेलं नाही, पण बघायला काय जातंय.

---

नारायणपेठ_डीटीपी

श बदलला!! ल पण! नोटोमध्ये बदलला, यशोमुद्रा अजून उतरवायचाय.

लॅनची वायर टाकणार, राउटर बाहेरच्या खोलीत आहे पण दारावरून जाईल. एसएसडी लक्ष्मी रोडला गेले की त्याच फेरीत आणते. बाबांना ळ सापडला, पूर्णविराम नाही सापडला, त्यावर त्यांचं म्हणणं असं की ज्येष्ठ नागरिक संघाच्या पत्रांना पूर्णविराम नसतोच.

प्रेसवाले काका, नक्की पाठवते. सध्या वैशाखातल्या तारखांच्या पत्रिका चालू आहेत, त्यातलीच एक निवडते, नावं बदलून. डोंगलसाठी उद्या फोन करते.

---

हडपसर_हर्षू

मस्त धागा, वाचनखूण साठवली. माझ्याकडे जुना नेटबुक आहे, अ‍ॅटम, २ जीबी रॅम, ३२ बिट. त्यावर हेच मिंट टाकू का?

---

कोथरूडकट्टा

नाही. मिंटची ही आवृत्ती ३२ बिटला येत नाही आणि डेबियन १३ ने पण ३२ बिट इन्स्टॉलर बंद केलाय. अँटीएक्स बघ. आणि वेगळा धागा काढ, इथे नको.